अक्का, रुमाल माझाच होता

अक्का, मी जिंकले.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि गेलेल्या माणसाला पहिलं वाक्य असं लिहू नये एवढं मलाही कळतं. पण तुमच्याशी मी कधी रीतभात पाळून बोलले नाही, तर आता कुठून पाळू. आपलं भांडण सुरू झालं माझ्या दुकानात, चाललं तुमच्या क्लासात, आणि संपलं तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. म्हणून लिहायला बसले.

तुमच्यावर इतरांनी लिहिलेलं मी वाचलं. जन्म कुठला, शाळा कुठली, नोकरी किती वर्षं, निवृत्तीनंतरही ज्ञानदान चालू. सगळं बरोबर, आणि तुम्ही त्यात कुठंच नाही. जिना चढताना दर खेपेला माझ्या गाठोड्यांना तुमची लाथ बसायची आणि तुम्ही वर मलाच विचारायचात, "हे दुकान आहे का गोदाम?" हे कुणी लिहिलेलं नाही. तुम्ही रागावलात की मराठी सोडून कानडीत शिरायचात आणि "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत हात हलवायचात, तेही नाही. माझ्यापाशी तुमचं जे आहे ते या असल्या मालातलं आहे.

चाटी गल्लीच्या अलीकडे माझं चादरी-टॉवेलचं दुकान. वरची खोलीही मी स्वतःच्या कमाईनं घेतलेली. ती खोली बघायला तुम्ही आलात तेव्हा जिन्यात शेजारचे दोघे-तिघे कान देऊन उभे होते, सोलापुरात कुणाची खोली केवढ्याला गेली हे सगळ्यांना माहीत हवं असतं म्हणून. तुम्ही विचारलंत, "भाडं काय घेणार?" मी गल्ल्यावरचा नॅपकिन उचलला आणि म्हणाले, "हात द्या."

"हात कशाला?"

"भाव करायचाय न्हवं? द्या की."

तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं मी काय मागत होते. माझा बाप सांगोल्याच्या बाजारात शेरडं-मेंढरं विकायचा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून बोली लावतात. पटली नाही तर हात झटकायचा, पटली तर आख्खा पंजा आवळून झटका द्यायचा. भोवती कितीही माणसं उभी असोत, त्यांना फक्त दोघांचे चेहरे दिसतात. बापाला मुलगा नव्हता. त्यानं घरी बसवून मला सगळी बोटं शिकवली. पण बाजारात एकाही गड्यानं माझ्या हातात हात दिला नाही. परक्या बाईमाणसाचा हात रुमालाखाली कसा धरायचा, म्हणून सगळे माझ्याशी तोंडानं बोलायचे. बाकीच्यांचा भाव झाकलेला, माझा उघडा. कुणीही मधे पडावं, कुणीही पाडावा. माझा आवाज चढा झाला तो तिथं. लोक समजतात हौसाचा स्वभावच तसा.

तुम्ही हात दिलात. बापानंतर माझ्याशी रुमालाखाली सौदा करणारं पहिलं माणूस तुम्ही. बोटांना खडूचा कोरडेपणा होता. कोणत्या बोटाचा काय भाव ते कानात सांगून मी दाबून दाखवलं, तुम्ही हसलात, परत दाबलंत, मी झटकलं. जिन्यातली माणसं माना लांब करून बघत होती आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी मला बरंच खाली आणलंत. शेवटी पंजा आवळताना म्हणालात, "हे तर सोपं आहे की गं."

काय ठरलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं, हा नियम मी तुम्हाला त्याच दिवशी शिकवला. पुढं तोच तुम्ही माझ्या अंगावर घातलात.

तुमच्याकडे नर्सिंगच्या मुली यायच्या. मोहोळच्या, करकंबच्या, सांगोल्याकडच्या, शहरातल्याही. सगळ्या मराठी शाळेतून आलेल्या, आणि पुस्तकात एकेक शब्द मालगाडीएवढा. तुम्ही त्यांना म्हणायचात, शब्दाच्या तोंडाकडे बघून घाबरू नका, शेवट बघा. शेवटी आयटिस असेल तर सूज आहे. एक्टमी असेल तर काहीतरी कापून काढलंय. स्कोपी असेल तर नळी घालून आत बघितलंय. ओमा असेल तर गाठ आहे. मग टॉन्सिल असो नाहीतर अपेंडिक्स, शेवट कळला की अर्धा पेशंट कळला. हे मला कसं माहीत? छताला कान नसतात, पण छताखाली उभ्या असलेल्या बाईला असतात. मी सातवीत शाळा सोडली. दुकानात चादरींच्या घड्या घालता घालता तुमचा आख्खा अभ्यासक्रम मी फुकट घेतला, आणि त्याबद्दल तुम्ही कधी फी मागितली नाहीत एवढं मान्य.

पण त्या मुली ओरडून पाठ करायच्या. लग्नसराई होती. अक्कलकोटकडचं एक मोठं कुटुंब मुलीच्या रुखवतासाठी चादरी बघत होतं, माल पसंत पडत आला होता, आणि वरून तीस गळे एकदम: "आयटिस, सूज. एक्टमी, कापून काढणे. ओमा, गाठ." नवरीच्या आजीनं हातातली चादर खाली ठेवली. "वर काय खाटीकखाना हाय का वो बाई?" असं म्हणून ती उठली, आणि तिच्यामागं सगळे उठले.

मी कापड मोजायचा गज हातात घेऊनच वर आले.

"लग्नाचं गिऱ्हाईक गेलं माझं," मी म्हणाले. "खाली मी शुभशकुनाचा माल दाखवतीय, आणि वरनं कापा, कापा, गाठ, गाठ."

"मग काय करू? मनातल्या मनात शिकवू?"

"बोटानं शिकवा की. आमच्या बाजारात कळपच्या कळप विकला जातो, आवाज येतो का? सूज म्हंजे एक बोट. कापणं दोन. आत बघणं तीन. गाठ चार. एकीनं हळू सांगायचं काय झालंय, दुसरीनं रुमालाखाली बोटं दाबायची. बरोबर आलं तर पंजा आवळा, चुकलं तर झटका. झालं."

मी हे रागात म्हणाले. तुम्ही मात्र डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिलात, भाड्याच्या वेळी बघितलं होतं तसं. मग म्हणालात, "रुमाल कुठून आणायचे?" मी खालून कडा उसवलेल्या टॉवेलांचा गठ्ठा आणून तुमच्यापुढं टाकला. फुकट. ही गोष्ट मी आयुष्यात फार कमी वेळा केली आहे.

आता जे खरं आहे ते सांगते. मला फक्त गिऱ्हाईक वाचवायचं होतं. त्या टॉवेलाखाली आणखी काय वाचेल हे मी बघितलं नव्हतं, ते तुम्ही बघितलंत. मोठ्यानं उत्तर द्यायचं म्हटलं की ज्या मुली खाली मान घालायच्या, त्यांचे हात टॉवेलाखाली बोलायला लागले. चूक झाली तर फक्त समोरच्या हाताला कळायची. बाकी वर्गाला दोन कोरे चेहरे दिसायचे. करकंबची एक मुलगी सबंध पावसाळाभर तोंड उघडत नव्हती. तिनं तुमचा हात धरून सलग चुकीची बोटं दाबली, तुम्ही सलग झटकलीत, आणि शेवटी तिचा पंजा आवळलात तेव्हा तिचा चेहरा बाजारात चांगली शेळी स्वस्तात मिळालेल्या माणसासारखा झाला. मी दाराशी उभी होते. बापाची फार आठवण आली त्या वेळी. ते तुम्हाला बोलले नाही, कारण बोलले असते तर तुम्ही मला बसायला खुर्ची दिली असतीत आणि खाली दुकान मोकळं होतं.

मीही गल्ल्यामागं बसून स्वतःचीच बोटं दाबायची. एकदा मी तुम्हाला पकडलंही.

"अक्का, कोमा म्हंजे कशाची गाठ?"

"कोमा म्हणजे गाढ बेशुद्धी. त्यात गाठ नाही."

"मग शेवटाला ओमा कशाला?"

"तो त्या कुळातला नाही गं."

"म्हंजे तुमचा नियम खोटा."

"तू नुसती शिंगं बघून शेळी घेतेस का? धार काढून बघतेस ना? तसा शब्द पण तपासायचा."

उत्तर चांगलं होतं, पण मला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. ज्याचा शेवट तसा, त्यानं तसं वागावं.

मग तुमची ती टॉवेलाची रीत गावभर झाली. दुसऱ्या क्लासवाले बघायला यायला लागले. एका संस्थेनं तुमचा सत्कार ठेवला. मी इरकल नेसून पुढच्या रांगेत बसले होते. तुम्हाला वाटलं असेल मी शाल बघायला आले. मी माझं नाव ऐकायला आले होते. सूत्रसंचालन करणाऱ्यानं विचारलं, "बाई, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" तुम्ही माईककडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "सुचली."

एवढंच. सुचली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी क्लास भरायच्या आधी वर जाऊन माझे सगळे टॉवेल उचलून आणले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या दिवशी तुमच्या मुलींनी आपापल्या ओढण्या काढल्या आणि त्याखाली सौदा चालू ठेवला, याचं मात्र वाईट वाटलं. माझा माल परत घेऊन मी बाजार बंद करू शकत नव्हते.

संध्याकाळी तुम्ही दुकानात आलात.

"रागावलीस?"

"रुमाल कुणाचा?"

"तूच सांगितलंस ना, रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही म्हणून."

"तो नियम भावाचा हाय. अकलेचा न्हाय."

"असं होय? ते आधी सांगायचंस," म्हणालात, आणि एक नॅपकिन विकत घेऊन, पैसे देऊन, वर निघून गेलात. तो नॅपकिन मी तुम्हाला महाग लावला.

त्याच आठवड्यापासून दुसरा त्रास सुरू झाला. क्लास सुरू होताना वरून धाडदिशी पाय आपटल्याचा आवाज. एकीचा नाही, सगळ्यांचा, एकदम. छताचा रंग चादरींवर पडायचा. मी गजानं छत ठोकायची आणि ओरडायची. वरून हसण्याचा आवाज यायचा. मी वर आले की कुणी आपटायचं नाही. मी जिन्यात असले की मुद्दाम आपटायच्या. शाल मिळाली, आता नाचताय माझ्या डोक्यावर, असं मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही "साकु" म्हणालात आणि विषय बदललात. ही माझी दुसरी तक्रार, आणि ती मी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती.

मग तुमचा आवाज बसला. आधी खडूची धूळ म्हणालात, मग उन्हाळा म्हणालात, मग हळदीचं दूध. तुमची भाची गिरिजा तुम्हाला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि मला का बरोबर घेतलंत ते तुम्ही सांगितलं नाहीत. फी कमी करायला असेल. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, आणि असल्या वेळी चांगली माणसं इंग्रजीत शिरतात. तो गिरिजाकडे बघून बोलायला लागला. तुम्ही पदराखाली माझा हात ओढून घेतलात.

तो म्हणाला, आपण लॅरिंगोस्कोपी केली. तुम्ही तीन बोटं दाबलीत. आत बघितलं.

तो म्हणाला, रिपोर्टमध्ये कार्सिनोमा आलाय. चार बोटं. गाठ.

मग तो थांबला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, लॅरिंजेक्टमी करावी लागेल असं दिसतंय. गिरिजा त्याला विचारत होती, म्हणजे काय, म्हणजे नेमकं काय. तोवर तुम्ही माझी दोन बोटं धरली होती आणि सोडत नव्हता. तो समजावून सांगेपर्यंत आपल्या दोघींचा हिशोब झालेला होता. कापून काढणार होते. काय, तेही तुम्हाला माहीत होतं. ज्यानं तुम्ही शिकवत होता ते, तुमचं स्वरयंत्र.

बाजारात चेहरा कोरा ठेवायला मी बापाकडून शिकले होते. त्या दिवशी तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला ठेवलात.

ऑपरेशननंतर तुम्ही क्लास बंद कराल असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही गिरिजाला म्हणाले, खोलीला दुसरं गिऱ्हाईक बघते. तुम्ही गळ्याला पांढरा रुमाल बांधून जिना चढून आलात, नेहमीसारखी गाठोड्याला लाथ मारलीत, आणि माझं मनगट धरून मला वर नेलंत. खुर्चीत बसलात. मुलींपुढं गळ्याचा रुमाल बाजूला केलात आणि श्वासासाठी पाडलेलं भोक दाखवलंत. मग हात वर करून अंगठा दाखवलात. मुली घाबरून बघत होत्या. मला कळलं. फळ्यापाशी जाऊन मीच मोठ्यानं म्हणाले, "अंगठा म्हंजे ओस्टमी. भोक पाडणं. लिहून घ्या." तुमचा खांदा हलत होता. हसण्याचा आवाज नव्हता, पण ते हसणंच होतं. अक्का, स्वतःच्या गळ्याचा धडा करणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

त्यानंतर रोज वरचं पाय आपटणं संपलं आणि दुकान मांडून झालं की मी वर यायची. मी मराठीत सांगायची, "घसा सुजलाय," "पोटात नळी घालून बघितलंय," आणि तुम्ही रांगेतल्या एकेकीचा हात टॉवेलाखाली घ्यायचात. आवाज माझा, बोटं तुमची. माझा चढा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला. मुली पास होत गेल्या. नोकऱ्या लागल्या. आणि इतकं होऊन, रुमाल कुणाचा, हे तुम्ही एकदाही कबूल केलं नाहीत. मी दर आठवड्याला विचारायची. तुम्ही पाटीवर लिहायचात, "गिऱ्हाईक आलंय खाली, जा."

दुखणं परत आलं. शेवटच्या दिवसांत तुमच्या अंगावर माझ्याच दुकानातली जाड चादर होती. दुपारी गिरिजा औषधं आणायला गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत. मी पाटी पुढं केली, तुम्ही ती ढकललीत आणि चादरीखालून हात पुढं केलात. बोटं अगदी वाळली होती.

मी बापाची लेक. असली संधी सोडते कशी?

"रुमाल कुणाचा, आज सांगा," मी म्हणाले. "अर्धा माझा, अर्धा तुमचा. चालतंय?"

तुम्ही हात झटकलात. जोर नव्हता, पण झटकणंच होतं.

"बरं, चार आणे माझा."

झटकलात. मला राग आला. त्या अवस्थेतही आला, खोटं कशाला बोलू. "मग सगळा तुमचाच का? घ्या. न्या वर."

पुन्हा झटकलात, आणि माझ्याकडे असं बघितलंत जसं करकंबच्या मुलीकडे बघायचात. चुकतेय, पण येईल. मी आयुष्यभर समोरच्यानं पाडायच्या आधीच स्वतःचा भाव पाडून सांगत आले. सांगोल्यात पण, सोलापुरात पण. म्हणून ते वाक्य तोंडातून यायला वेळ लागला.

"सगळा माझा?"

तुम्ही आख्खा पंजा आवळलात. एक झटका. आणि मी नीट समजले नसेन तर म्हणून, दुसरा.

एवढ्या वर्षांत मला वर चढवणारं गिऱ्हाईक मी एकच बघितलं. तुमचे ओठ हलले. साकु.

तुम्ही गेलात. तुम्हाला बसवून नेलं, तुमच्या लिंगायतांत नेतात तसं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि पाठ ताठ, क्लासात बसायचात तशीच. मी मागून चालत होते आणि मनात एकच चाललं होतं. सौदा झाला होता, पण चादरीखाली झाला होता. साक्षीला कुणी नव्हतं. आणि रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही, हा माझाच नियम.

शोकसभा त्याच सभागृहात ठेवली होती, जिथं सत्कार झाला होता. मी परत पुढच्या रांगेत. एक वक्ते उठले आणि म्हणाले, बाईंना सुचलेली ही रुमालाची पद्धत पुढची पिढी विसरणार नाही. मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. खरंच ठरवलं होतं. पण सुचलेली हा शब्द दुसऱ्यांदा ऐकला आणि मी उभी राहिले.

"रुमाल माझा व्हता," मी म्हणाले.

माईकची गरज पडली नाही. मागून एक जण हळूच, पण मला ऐकू येईल असं बोलला, "शोकसभेत बी सौदा करायला आली बघा."

"व्हय, आले. अक्कांनी सौदा माझ्याशी पक्का केलाय. पुरावा न्हाय माझ्याकडं. पटलं तर घ्या." आणि बाजारात कुणाला कधी सांगू नये ते मी सगळं सांगितलं. बाप, शेरडं, लग्नाचं गिऱ्हाईक, टॉवेल, चादरीखालचा पंजा. तीसेक वर्षं धंदा केला, पण उघड्यावर एवढी मोठी बोली कधी लावली नव्हती.

वक्ते खाली बघत होते. गिरिजा तोंडाला पदर लावून होती. मला वाटलं, गेलं, हे गिऱ्हाईकही गेलं.

तेवढ्यात मागं कुणीतरी धाडदिशी पाय आपटला.

मी वळले. तुमची जुनी विद्यार्थिनी शबाना सिस्टर, ड्युटीवरून तशीच आलेली, पांढऱ्या ड्रेसमध्ये उभी. तिच्या शेजारच्या मुलीनं आपटला. मग रांगच्या रांग. तुमच्या सगळ्या मुली, कुणी सरकारी दवाखान्यातल्या, कुणी खासगी, कुणाच्या कडेवर पोरं. तोच आवाज, जो मी इतकी वर्षं छतातून ऐकला आणि शिव्या घातल्या. फरशी हादरत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काकी, हमना तो पैले दिन से मालूम है," शबाना म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगायला लागली. "सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून अक्का क्लास सुरू करायच्या आधी बोट खाली दाखवायच्या. म्हणायच्या, हे खालून आलंय, माझं नाही. पाय आपटा, तिला ऐकू गेलं पाहिजे. आवाज गेल्यावर नुसतं बोट दाखवायच्या. जुन्या मुली नव्यांना सांगायच्या, खाली कोण आहे ते."

"मग मला का न्हाय सांगितलं कुणी?"

शबाना हसली. रडतही होती. "अक्कांची ताकीद होती. म्हणायच्या, हौसाला कळलं तर भाडं वाढवेल."

आख्खं सभागृह हसलं. तुमच्या शोकसभेत. मागचा तो बोलणाराही हसला. मी एकटी उभी होते, आणि खरं सांगू का, वाढवलं असतं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं.

म्हणून म्हणते, मी जिंकले. चादरीखाली जिंकले आणि भरल्या सभागृहात जिंकले. एक तक्रार तरीही शिल्लक ठेवते. त्या सत्काराला, माईकपुढं, माझ्याकडे बघून तुम्ही नुसतं "सुचली" का म्हणालात? गिरिजा म्हणते तुम्हाला माईकचा घाम फुटायचा. असेल. मला पटलेलं नाही. कोमाबरोबर हेही राहू दे. सगळं मिटलं तर तुमच्याशी बोलू काय?

खोली मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. शबाना ड्युटी सांभाळून क्लास घेणार आहे, बाकीची व्यवस्था गिरिजा बघणार आहे. भाड्याचं आम्ही टॉवेलाखाली बघून घेतलं. शबाना तुमच्यापेक्षा घासाघीस करते, तुम्हाला आवडली असती.

आज सकाळी क्लास सुरू झाला. दुकानात तेलंगी पेठेतलं एक जोडपं चादरी बघत होतं. वरून धाडदिशी पाय आपटले, रंगाचा एक पोपडा गुलाबी चादरीवर पडला. सवयीनं मी गज उचलला आणि छत ठोकलं. या खेपेला ओरडले नाही. वरून परत आपटले. मी परत ठोकलं.

"वर काय आहे हो मावशी?" त्या बाईनं चादर झटकत विचारलं.

मी घडी घातली, कडा जुळवली आणि सांगितलं, "माझा क्लास."